माल्स ते मेरानो: तीन पिढ्या, सहा माणसं आणि नदीकाठची सायकलवाट

काटोलची_लेक | १४ जानेवारी, रात्री ९.४०

गेल्या एप्रिलात आम्ही सहा जण आल्प्सच्या एका दरीत सायकली चालवून आलो. हुरड्याच्या धाग्यावर त्याचा ओझरता उल्लेख केला, तेव्हापासून व्यनि (व्यक्तिगत निरोप) येताहेत. म्हणून हा वेगळा धागा.

सहा जण म्हणजे मी, नवरा, मुलगी (तेव्हा ११), मुलगा (७), माझे बाबा (६८) आणि आई (६३). आईला सायकल येत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढची सगळी आखणी त्यावर बेतलेली आहे.

जागा: उत्तर इटलीतल्या दक्षिण तिरोल प्रांतातली विन्शगाउ दरी, इटालियनमध्ये वाल वेनोस्ता. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाकडे होता, त्यामुळे लोक आजही जर्मन बोलतात आणि प्रत्येक स्टेशनच्या पाटीवर गावाची दोन नावं असतात. दरीतून एच नावाची नदी वाहते. तीच पुढे आदिजे होते, इटलीतली दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी. तिच्या काठानं डांबरी सायकलवाट जाते. वरचं टोक धरायचं तर रेशेन खिंड, साधारण १,५०० मीटर उंचीवर. आम्ही मुलांना घेऊन माल्स गावापासून सुरुवात केली, म्हणजे साधारण १,००० मीटरवरून, आणि साठेक किलोमीटर उतरत मेरानोपर्यंत आलो. मेरानोची उंची ३२५ मीटरच्या आसपास. आपलं नागपूर ३१०. मेरानोत पोचल्यावर मुलीनं नकाशात हे पाहिलं आणि ओरडली, "आई, आपण परत नागपूरच्या लेव्हलला आलो!"

लोक विचारतात, तीन पिढ्या एकत्र कशा जमल्या? माझं उत्तर एकच. सायकलवाटेच्या शेजारून रेल्वे जाते. माल्सपासून मेरानोपर्यंत छोटी गाडी आहे, दर तीन-चार किलोमीटरवर स्टेशन. मुलगा थकला, बसा गाडीत. बाबांचा गुडघा बोलला, बसा गाडीत. वाट उतरती आहे, मोटारींपासून बरीचशी वेगळी आहे, हे सगळं चांगलंच. पण परत फिरायची सोय हाताशी असली की माणूस निर्धास्त निघतो. नाही तर घरातला सगळ्यात दुबळा माणूस दिवसभर "माझ्यामुळे अडलं" असं मनात धरून पेडल मारतो. आमच्याकडे तसं कोणी नव्हतं.

आई रोज दिवसापुरतं सामान घेऊन गाडीनं पुढच्या स्टेशनवर जायची आणि डबा उघडून बसलेली असायची.

तयारी, रोजचे टप्पे, खाणं यावर उद्या लिहिते. मुलाला झोपवायचंय.

---

अंबाझरीकर | १४ जानेवारी, रात्री १०.०५

वा! वाचतोय. उंचीची गोष्ट फार आवडली. एक शंका: नागपूर सगळं सपाट. उताराची सवय कुठे केली मुलांना?

---

निशिगंध | १४ जानेवारी, रात्री ११.१८

पुढचा भाग लवकर टाका. माझी मुलगी ६ वर्षांची आहे, गेल्या दिवाळीतच मागची छोटी चाकं काढली. तिला झेपेल का, एवढंच आधी सांगा.

---

काटोलची_लेक | १५ जानेवारी, रात्री ९.१५

@निशिगंध, सहा वर्षांच्या मुलीनं स्वतः पूर्ण टप्पा चालवावा असं मी म्हणणार नाही. तिथे भाड्यानं दांडा मिळतो, त्यानं मुलाची सायकल मोठ्यांच्या सायकलीमागे जोडता येते. सपाट भागात तिला सोडा, उतार आला की जोडा. त्याहून लहान पोरांसाठी मागे ओढायची बंद गाडी मिळते.

@अंबाझरीकर, आपल्याकडे उतार म्हणजे सेमिनरी हिल्स. डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी सहाला निघायचो. फुटाळा तलावाला एक फेरी, मग सेमिनरी हिल्सचा चढ आणि त्याच उतारावर ब्रेकचा सराव. अंतर वाढवण्याच्या मागे लागलो नाही. लहान मुलांना पेडल मारता येतं, थांबता येत नाही. मुलाला मी एकच शिकवलं: दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत यायचं, एकदम आवळायचा नाही.

आता हे लक्षपूर्वक वाचा. आपल्या सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तिथे डाव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा. शिवाय चालायचंही उजव्या बाजूनं. आम्हाला हे दुकानदारानं सांगितलं नाही, आणि बॅटरीच्या ज्या सायकलीचे पूर्ण पैसे घेतले तिची बॅटरी अर्धीही भरलेली नव्हती. पहिल्याच दिवशी नवऱ्यानं सवयीनं डावा ब्रेक कचकन दाबला आणि मागचं चाक उचललं गेलं. पडला नाही, पण पाठीमागे सात वर्षांचं लेकरू होतं. सायकल ताब्यात घेतली की आधी मोकळ्या जागेत दहा फेऱ्या मारा, मगच निघा.

टप्पे असे केले. मुक्काम पाचही रात्री एकाच गावात, नाटुर्न्सला, एका सफरचंदवाल्या शेतकऱ्याच्या घरी. त्या भागात शेतावर राहायची सोय बरेच जण करतात. रोज सामान बांधायचं नाही, हा मोठा आराम.

पहिला दिवस: गाडीनं लाट्शला गेलो आणि सायकलीनं घरी, पंधरा-सोळा किलोमीटर. मध्ये कास्टेलबेलचा किल्ला अगदी वाटेला लागून, नदीवर झुकलेला. मुलगा तिथे अर्धा तास खडे टाकत बसला. कोणी उठवलं नाही.

दुसरा दिवस: पाऊस. घरीच.

तिसरा दिवस: गाडीनं माल्स. तिथून खाली ग्लुर्न्स, तटबंदीचं इवलंसं गाव, आठ-नऊशे वस्तीचं, पण तट आणि तीन वेशी शाबूत. भंडाऱ्याच्या पवनीचा परकोट पाहिलेला असेल तर तिथे पाय टाकताच ओळखीचं वाटेल. पुढे श्लुडर्न्स, मग श्पोंडिनिगवरून लास. तिथून उजवीकडे पाहिलं की ऑर्टलरची बर्फाची भिंत. स्टेल्विओ खिंडीचा ४८ वळणांचा प्रसिद्ध घाट जवळच्या प्राड गावातूनच चढतो. वीस-बावीस किलोमीटर झाले आणि मुलगा लासच्या बाकावर झोपला. गाडीनं परत.

लासबद्दल थोडं. या गावात पांढराशुभ्र संगमरवर निघतो आणि रस्त्याकडेच्या पायवाटाही संगमरवराच्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात परदेशात पडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या कबरींवर जे हजारो पांढरे क्रूस आहेत, त्यांचा दगड इथला. मुलीला हे ठाऊक नव्हतं तोवर ती पायवाटेवर लंगडी खेळत होती. कळल्यावर जरा थांबली. मग आजोबांना म्हणाली, "खेळले तर चालेल ना?" बाबा म्हणाले, "खेळ नं बाप्पा, रस्ताच हाय."

चौथा दिवस: लास ते लाट्श. लास आणि श्लांडर्सच्या मध्ये एकदम उतार लागतो. डोंगरावरून ओढ्यानं हजारो वर्षं गाळ-गोटे आणून दरीत पंख्यासारखा ढीग घातला आहे, गाद्रियाचा. आल्प्समधल्या सगळ्यात मोठ्या अशा ढिगांपैकी एक. वाट त्याच्याच अंगावरून खाली येते. इथे मुलगा पडला. वळणावर बारीक खडी होती. कोपर सोललं, हेल्मेटला ओरखडा, बाकी काही नाही. हेल्मेट नसतं तर तो ओरखडा कुठे असता, हे मी त्या रात्री झोपेत पाहिलं.

पाचवा दिवस: नाटुर्न्स ते मेरानो. त्योलपर्यंत सोपं, पण त्योलनंतर आल्गुंडकडे उतरताना नागमोडी वळणं आहेत. तिथे बाबा त्योलला गाडीत बसले, मुलाची सायकल नवऱ्यानं हातात धरून चालवत नेली आणि मुलगी हट्टानं उतरली. मी तिच्या मागे.

खरी गोष्ट दुसऱ्या रात्रीची आहे, पण ती नीट लिहायची आहे.

---

म्युनिकवासी | १६ जानेवारी, पहाटे २.३०

छान लिहिताय ताई. मी म्युनिकला असतो, त्या भागात चार-पाच वेळा गेलोय. थोडी भर:

एप्रिलमध्ये आल्प्सच्या बऱ्याच दऱ्यांत अजून वसंत आलेला नसतो. कुटुंबासाठी दुसरी फार लोकप्रिय वाट म्हणजे इनिखेन ते लिएन्झ, द्रावा नदीकाठची, ४५ किलोमीटरच्या आसपास, तीही उतरती आणि तिच्याही शेजारून रेल्वे. पण ती जवळपास १,२०० मीटरवरून सुरू होते, तिथे जून-सप्टेंबर बरा. विन्शगाउ डोंगरांच्या आडोशाला असल्यानं कोरडी आणि उन्हाची, म्हणून तिथे एप्रिलात जमतं. तरी सकाळी तीन-चार अंश असतात. हातमोजे आणि कानटोपी हवीच.

नागपूर-मुंबई-म्युनिक विमानानं, मग म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून बोझेनला थेट गाडी, चारेक तासांची. तिथून मेरानो. बोझेनच्या संग्रहालयात ओत्झी आहे, १९९१ साली याच भागातल्या हिमनदीत सापडलेला ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस. संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं बघा.

आणि महत्त्वाचं: माल्सच्या रेल्वेमार्गाचं विद्युतीकरण हाती घेतलं, त्यासाठी टप्प्याटप्प्यानं मार्ग बंद ठेवत आले आहेत. तारखा ठरवण्याआधी गाडी कुठून कुठपर्यंत चालू आहे ते तपासा. सगळी योजनाच गाडीवर उभी आहे.

---

जुना_गार्ड | १६ जानेवारी, सकाळी ७.१०

या रेल्वेबद्दल मला लिहायलाच हवं. मी रेल्वेत पस्तीस वर्षं काढली.

हा मार्ग १९०६ साली सुरू झाला. १९९० मध्ये तोट्याचा म्हणून बंद केला. रूळ गंजले, स्टेशनं ओस पडली. मग प्रांताच्या सरकारनं तो इटालियन रेल्वेकडून स्वतःकडे घेतला, दुरुस्त केला आणि मे २००५ मध्ये पुन्हा गाडी सोडली. आता तीच दरीचा कणा आहे.

आमची शकुंतला आठवते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. ज्यांच्या गावाला एस.टी. कमी, त्यांच्यासाठी ती हळू चालणारी गाडी म्हणजे दवाखाना, बाजार, माहेर सगळं होतं. बंद पडली ती पडलीच. तोट्यात जाते म्हणून गाडी बंद करतात. गाडीमुळे आजूबाजूला काय उभं राहू शकतं, ते हिशोबाच्या वहीत येत नाही. तुमच्या आईसाहेब डबा घेऊन स्टेशनवर बसल्यात, हे वाचून डोळे भरून आले.

---

काटोलची_लेक | १६ जानेवारी, रात्री ९.५०

काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. म्हणाली, त्यांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की स्टेशनं फार स्वच्छ होती.

आता ती रात्र.

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे, आजोबांपासूनची. बाबांचं उभं आयुष्य तिच्यात गेलं. सायकलसाठी ते आलेच नसते. "तिकडं सफरचंदाच्या बागा आहेत, फुलावर असतात," एवढ्यावर तयार झाले.

पहिल्या दिवशी लाट्शहून येताना आमची चाल फार मंद झाली, कारण बाबा दर शंभर मीटरला उतरत. वाटेच्या दोन्ही अंगांना मैलोगणती बागा, तारांवर बांधलेली बुटकी झाडं, माणसाच्या हाताला येतील एवढीच. खाली नाटुर्न्सकडे पूर्ण फुलल्या होत्या, पांढरी फुलं, कळ्यांना गुलाबी छटा. वर लाट्शला अजून कळ्याच. जसजसे खाली उतरलो तसतशी फुलं उमलत गेली. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत जे पाहायचं, ते एका दुपारी पाहिल्यासारखं झालं. बऱ्याच बागांवर जाळ्या गुंडाळून ठेवलेल्या. बाबांनी त्या ओळखल्या नाहीत. मालकाच्या मुलाला इंग्रजी येत होतं, तो म्हणाला, "गारपिटीसाठी." बाबा काही बोलले नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात आमचा आंबिया बहार गारांनी झोडपून काढला होता. त्या वर्षी घरात जे झालं ते त्यांना आठवलं असणार.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि संध्याकाळी आभाळ एकदम निरभ्र झालं. आम्ही खूश. घरमालक मात्र दर अर्ध्या तासानं थर्मामीटर पाहून येत होते. रात्री दोनला गावात भोंगा झाला. मी खिडकीत गेले तर अंगणात बाबा. कानाला मफलर, अंगावर माझ्या नवऱ्याचं जाकीट, आणि शेजारी तो सत्तरीचा तिरोली शेतकरी हातात बॅटरी घेऊन. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता.

तापमान शून्याखाली गेलं होतं आणि सगळ्या बागांत फवारे सुरू झाले. ऐन थंडीत झाडांवर पाणी! बाबा मला म्हणाले, "हे पाणी कायले मारून राहिले वं? फुलं मरतीन नं."

मी मालकाच्या मुलाला उठवलं आणि विचारलं. पाणी गोठताना उष्णता सोडतं. फुलावर पाण्याचा थर गोठत राहिला की आतली कळी शून्याच्या आसपासच राहते, त्याखाली जात नाही. अट एकच, फवारा थांबता कामा नये. उजाडून बर्फ वितळायला लागेपर्यंत पाणी चालूच ठेवायचं. मध्येच थांबलं तर ओलं फूल उलट जास्त गारठतं आणि सगळा बहार जातो.

बाबांनी हे दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आपून पाणी तोडून फूल आणतो, हे पाणी मारून फूल वाचवून राहिले."

(ज्यांना संत्र्याचं माहीत नाही त्यांच्यासाठी: आंबिया बहारासाठी आम्ही हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतो. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात. मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. ताण कमी पडला तर फूल कमी, जास्त झाला तर झाडच जातं. किती द्यायचा हे बाबा पान हातात चुरून सांगतात.)

दोघं पहाटेपर्यंत बाहेर होते. सकाळी सहाला मुलांना उठवून नेलं. प्रत्येक फांदी काचेच्या नळीत घातल्यासारखी, आणि त्या काचेत आत फूल, जसंच्या तसं. ऊन आलं तसं सगळी दरी टपटपायला लागली. मुलगा म्हणाला, "आजोबा, आपल्या संत्र्याला पण करू." बाबा म्हणाले, "आपल्याले बर्फ नाही लागत रे राजा, आपल्याले गारेचं काही पाहा लागते."

त्या दिवशी सायकलवर निघायला आम्हाला अकरा वाजले. कोणाला घाई नव्हती.

---

निशिगंध | १६ जानेवारी, रात्री १०.४०

दोनदा वाचलं. आता पोरीला मोठ्यानं वाचून दाखवते.

---

रानपाखरू | १७ जानेवारी, दुपारी १.२५

मी साकोलीकडची. त्या कोरड्या दरीत बागांना पाणी येतं कुठून, हे कोणी सांगेल का? तिथे पाऊस किती पडतो?

---

काटोलची_लेक | १७ जानेवारी, रात्री ८.३०

वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या नागपूरला साधारण ११००. म्हणजे निम्म्याहून कमी!

पाणी हिमनद्या आणि डोंगरी ओढ्यांचं. मध्ययुगापासून त्या लोकांनी डोंगराच्या कुशीतून पाट खोदले आहेत, त्यांना 'वाल' म्हणतात. अजूनही काही चालू आहेत आणि त्यांच्या कडेनं चालायला पायवाटा आहेत. आईला त्या सगळ्यात आवडल्या, सपाट आणि सावलीच्या. जुन्या पाटांवर एक युक्ती असायची: पाण्यावर फिरणारं छोटं चाक, ते लाकडी हातोडा उचलून घंटेवर आपटायचं. घंटा वाजतेय तोवर पाणी वाहतंय. आवाज बंद झाला की पाटकऱ्यानं उठायचं आणि कुठे दरड आली, कुठे फुटलं ते शोधायला निघायचं.

---

रानपाखरू | १७ जानेवारी, रात्री ९.१०

धन्यवाद ताई. आमच्याकडे कोहळी लोकांनी तलाव बांधले, भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव. माझे पणजोबा पाणी वाटायचे. कोणाच्या बांधीत किती वेळ, हे तोंडी ठरलेलं, आणि भांडण झालं तर पाळीवरच मिटवायचं. तुमचा पाटकरी वाचून ते आठवले. तिथे अजून पाट राखतात, आमच्याकडे कितीतरी तलाव गाळानं भरले. त्यांच्या पाळीवरून सायकली चालवायला सुंदर वाट होईल. नवेगावबांधकडे हिवाळ्यात या कधी.

---

यवतमाळची_सून | १८ जानेवारी, सकाळी ११.००

चांगलं लिहिलंय, पण एक विचारते. एवढ्या बागा म्हणजे फवारणीही असणार. मुलं त्याच्या मधून सायकल चालवतात. आमच्याकडे २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं माणसं गेली. आमच्या ओळखीतलं एक घर उघडं पडलं. त्यामुळे हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

---

काटोलची_लेक | १८ जानेवारी, रात्री ९.००

ताई, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि मी तो माझ्या लेखनात आधीच घ्यायला हवा होता.

फवारणी होते. आम्हीही ट्रॅक्टर पाहिले. सफरचंद हे तिथलं एकमेव मोठं पीक, एका जातीची झाडं मैलोगणती, मग रोगही तसेच. वरच्या टोकाला माल्स गावात याच प्रश्नावर २०१४ साली सार्वमत झालं आणि मत देणाऱ्या चारातल्या तिघांनी गावात रासायनिक फवारणी नको म्हणून कौल दिला. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. पण एका छोट्या गावानं हे मतपेटीपर्यंत नेलं.

आमच्या घरमालकांनी सांगितलं होतं की ट्रॅक्टर दिसला की थांबा, वारा जिकडून येतो त्या बाजूला जा, तो पुढे गेल्यावर निघा. फुलं असताना मधमाश्यांसाठी कीटकनाशक मारत नाहीत, पण बुरशीची औषधं मारतात. आम्ही दोनदा थांबलो. बागेतली फुलं-पानं मुलांना तोंडात घालू दिली नाहीत. मुलाला दमा असेल तर वरच्या भागातले टप्पे घ्या, माल्स ते लास, तिथे कुरणं जास्त.

बाबांनी तिथल्या शेतकऱ्याचा फवारणीचा पोशाख हात लावून पाहिला. तोंडापासून पायापर्यंत झाकलेला आणि ट्रॅक्टरला बंद काचेची खोली. "आपला मजूर बनियनवर मारते," एवढं म्हणाले आणि बराच वेळ गप्प होते.

---

आर्वीकर | १९ जानेवारी, रात्री १०.२०

सगळं छान, पण इतका खर्च सगळ्यांना कुठे जमतो? आपल्याकडे मेळघाट आहे, पाताळकोट आहे. तिथे का नाही?

---

काटोलची_लेक | १९ जानेवारी, रात्री ११.०५

खर्चाचं खरं आहे. आम्ही चार वर्षं पैसे बाजूला टाकले आणि निम्म्याहून जास्त विमानातच गेले.

मेळघाट हे वाघाचं घर आहे. सात वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे सायकल चालवणं मला पटत नाही, मुलासाठीही नाही आणि वाघासाठीही नाही. तामियाचा घाट आणि पाताळकोट अतिशय देखणे, पण घाटात ट्रक असतात आणि वाट वेगळी नाही. मुलांना गाडीनं नेऊन वरून दरी दाखवा, जरूर दाखवा.

---

अंबाझरीकर | २० जानेवारी, सकाळी ६.५०

आर्वीकर, आम्ही दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी करतो ते सांगतो. सायकली गाडीवर टाकून पहाटे रामटेक. तिथून खिंडसी तलावाकडे. उन्ह चढायच्या आत, नऊपर्यंत, परत. वाट छोटी आहे पण पळस पेटलेला असतो, आणि मोहाची फुलं पडायला लागली असतील तर वास गाडीपर्यंत येतो. आमचा वसंत हाच. मार्चच्या मध्यानंतर मुलांना उन्हात काढू नका.

काटोलची_लेक, खाण्याचं राहिलं. शाकाहारी आहात का?

---

काटोलची_लेक | २० जानेवारी, रात्री ९.३०

बाबा आणि आई शाकाहारी. पालकाचे उकडलेले गोळे मिळतात, 'क्नोडेल', शिळ्या पावाचे, वर लोणी आणि चीज. पण त्याच नावाच्या दुसऱ्या प्रकारात डुकराचं मांस असतं, तेव्हा दरवेळी विचारा. 'श्युटेलब्रोट' नावाची राईची कडक पातळ भाकर मिळते, त्यात शहाजिऱ्यासारखा वास. महिनाभर टिकते. बाबा ती चहात बुडवून खायचे, आईनं चार पाकिटं नागपूरला आणली.

इथून आम्ही तिखट पुऱ्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि आईच्या हातचं मेतकूट नेलं. संत्रा बर्फी न्यायची फार इच्छा होती, घरमालकांना द्यायला, पण तिच्यात खवा असतो आणि युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. मांसाचेही नाहीत. मग बाबांनी बागेतल्या संत्र्याच्या वाळवलेल्या सालींची पुडी नेली. घरमालकांकडच्या आजीबाईंनी ती केकमध्ये घातली आणि शेवटच्या दिवशी आम्हालाच खाऊ घातला.

कागदपत्रं: शेंगेन व्हिसा, किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, पण दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. अपघात झाला तर ११२. सायकली इथून नेऊ नका. एका स्टेशनवर भाड्यानं घेऊन दुसऱ्यावर परत करता येतात, म्हणजे गाडीत सायकल चढवायची भानगडच नाही. गाडीत सायकलींना जागा मोजकी असते.

---

निशिगंध | २ मार्च, सायंकाळी ७.४५

ताई, व्हिसा आला! एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात निघतोय. सासूबाईही येताहेत, त्यांनाही सायकल येत नाही. तुमच्या आईंनी स्टेशनवर एकटीनं वेळ कसा घालवला, ते त्यांना विचारायचंय.

---

काटोलची_लेक | २ मार्च, रात्री ९.२०

फार आनंद झाला! आईला विचारून लिहितेय, तिच्याच शब्दांत:

"पहिल्या दिवशी भेव वाटलं. दुसऱ्या खेपेले गाडीच्या डब्यात एक बाई विणून राहिली होती, तिनं मले सुई दिली. भाषा नाही समजली पण टाका समजला. मंग मी रोज त्याच वेळच्या गाडीनं गेली. तुमच्या सासूबाईले सांगा, विणकाम न्या सोबत."

सुई कापडाच्या पिशवीत घालून चेक-इनच्या सामानात ठेवा. हातमोजे मुलीला दोन जोड घ्या, एक ओला होतो. लाट्श-नाटुर्न्स पहिल्या दिवशी, माल्स शेवटी ठेवलंत तरी चालेल. आणि डावा ब्रेक पुढचा. तुम्हा सगळ्यांकडून विमानात बसायच्या आत पाठ करून घ्या.